कार्बिमॅझोल सोसत नाही असं वाटतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, गाव सांगलीजवळ, ग्रेव्हज डिसीजमुळे (शरीराच्याच अँटिबॉडी थायरॉइड ग्रंथीला जास्त हॉर्मोन बनवायला लावतात तो आजार) थायरॉइड वाढलेला. पाच आठवडे झाले, थायरॉइड कमी करायची गोळी कार्बिमॅझोल रोज ३० मिलीग्रॅम आणि धडधड आवरणारी गोळी प्रोप्रॅनोलॉल २० मिलीग्रॅम दिवसातून तीन वेळा चालू आहे. धडधड थांबली, हाताची थरथर गेली. पण अंगाला खाज सुटते, मधूनच पित्त उठतं, केस मूठभर गळतात, रात्री पोटऱ्यांना वांब येतात, वजन तीन किलोंनी वाढलं आणि दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. जाऊबाईंचं मत, गोळी गरम पडतेय, बंद कर. मेडिकलवाल्यानं सांगितलं, याच कामाची दुसरी गोळी मिळते, ती घ्या. तर बंद करू, बदलू, की सोसत राहू?

ताई, तिन्हींपैकी एकही नको. तुम्ही सहा तक्रारी लिहिल्यात आणि सगळ्या एकाच गोळीच्या नावावर मांडल्यात. माझ्या हिशेबानं त्यातली खात्रीनं कार्बिमॅझोलची म्हणावी अशी एक, फार तर दीड. बाकीच्या काही आजाराच्या, काही आजार उतरतोय म्हणून आलेल्या, एखादी प्रोप्रॅनोलॉलची. ज्याची तक्रार त्याच्या पदरात घातली की उपाय सापडतो. एका गोळीवर राग काढून ती बंद केलीत तर खाज थांबेल, पण धडधड परत येईल.

मात्र त्या वाटणीला बसण्याआधी एक गोष्ट विचारतो, कारण तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. ही गोळी लिहून देताना तापाबद्दल कोणी काही सांगितलं होतं का?

नसेल तर आधी हे वाचा. कार्बिमॅझोलचं शरीरात गेल्यावर मेथिमॅझोल होतं आणि तेच औषध म्हणून काम करतं. हे औषध घेणाऱ्यांपैकी हजारात एखाद्याला, काही पाहण्यांत पाच जणांपर्यंत, पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी अचानक संपत येतात. जंतूंशी पहिली झुंज याच पेशी देतात. या अवस्थेला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. बहुतेक वेळा ती पहिल्या तीन महिन्यांत येते, आणि डोस मोठा असेल तर शक्यता वाढते. तुम्ही पाचव्या आठवड्यात आहात आणि ३० मिलीग्रॅमवर आहात. घाबरवण्यासाठी सांगत नाही, हजारातल्या नऊशे नव्वदहून जास्त लोकांना हे कधीच होत नाही. पण लक्ष ठेवायचा काळ हाच.

लक्षणं तीन: ताप, घसादुखी, तोंड येणं. अडचण अशी की आपल्याकडे या तिन्हींना घरोघरी उत्तर तयार असतं. पावसाळ्यातला ताप व्हायरल असतो, घसा फ्रिजमधल्या पाण्यानं धरतो आणि तोंड आलं म्हणजे उष्णता वाढलेली असते. मग गुलकंद, सब्जा, पॅरासिटॅमॉल, वर एखादी शिल्लक राहिलेली अँटिबायोटिक, यात दोन-तीन दिवस जातात. एरवी काही बिघडत नाही. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाला मात्र तेवढे दिवस पुरतात जंतुसंसर्ग रक्तात पसरायला.

म्हणून नियम साधा ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, गिळताना घसा दुखायला लागला किंवा तोंडात फोड आले, तर कार्बिमॅझोलची पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी रक्ताची सीबीसी विथ डिफरन्शियल तपासणी (रक्तपेशींची, पांढऱ्या पेशींच्या प्रकारांसकट मोजणी) करायची. रविवार असो, सण असो, घरात लग्न असो. काही तासांत रिपोर्ट मिळतो. पेशी ठीक असल्या की डॉक्टरांना विचारून गोळी परत सुरू करायची. एखाददुसऱ्या दिवसाच्या खाड्यानं थायरॉइड उसळत नाही.

रिपोर्टमध्ये काय बघायचं तेही सांगून ठेवतो. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीनं गुणा. ५००० पेशी आणि ६० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे ३०००, उत्तम. १८०० पेशी आणि १५ टक्के म्हणजे २७०, आणि हा माणूस त्या क्षणी रुग्णालयात हवा. १५०० च्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना फोन करायचा, १००० च्या खाली गोळी बंदच, ५०० च्या खाली भरती व्हायचं. रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक्स देतात, गरजेनुसार पेशी वाढवणारी जी-सीएसएफची इंजेक्शनंही देतात, आणि वेळेत पोचलेल्यांच्या पेशी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतात. त्यानंतर मात्र या जातीची कुठलीही गोळी आयुष्यात परत घ्यायची नाही, मेडिकलवाल्यानं सुचवलेली ती दुसरीसुद्धा नाही.

जुलै ते ऑक्टोबरात आणखी एक घोळ होतो. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी उतरतात. त्यामुळे ताप आणि कमी पेशी असा रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाला त्या दिवसांत सगळे डेंग्यूच समजतात, आणि बहुतेकदा तो असतोही. पण समोरच्या डॉक्टरांना तुमची गोळी माहीत नसेल तर दुसरी शक्यता त्यांच्या मनात येणार नाही. इथे 'थायरॉइडची गोळी चालू आहे' एवढं सांगून भागत नाही. आपल्याकडे थायरॉइडची गोळी म्हटलं की दहापैकी नऊ वेळा ऐकणारा थायरॉक्सिन समजतो, म्हणजे थायरॉइड कमी असणाऱ्यांना देतात ती, नेमकी उलटी. नाव घेऊन सांगा: कार्बिमॅझोल, थायरॉइड कमी करायची गोळी, अमुक महिन्यापासून. गोळीच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला तरी हा तापाचा नियम पाठ करून द्या. जाऊबाईंनाच द्या, त्यांना गोळीवर तसाही संशय आहे.

'मागच्या आठवड्यातला सीबीसी चांगला होता' यावर विसंबू नका. पेशी दोन-चार दिवसांत कोसळू शकतात. जपानमध्ये सुरुवातीचे काही महिने दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या थायरॉइड तज्ज्ञांच्या संघटनेनं तसा आग्रह धरलेला नाही. मी मधला मार्ग धरतो. गोळी सुरू करण्याआधी एक सीबीसी आणि लिव्हरची तपासणी हवीच, आणि पहिल्या तीन महिन्यांत थायरॉइडसाठी रक्त काढतोच आहोत तर त्याच सुईत सीबीसी. आधीच्या तपासणीचा मी एवढा आग्रह धरतो, कारण ग्रेव्हजमध्ये गोळीशिवायही न्यूट्रोफिल किंचित कमी आणि लिव्हरचे आकडे किंचित वाढलेले असू शकतात. सुरुवातीचा रिपोर्ट नसेल तर पुढे दोष कुणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. तुमच्या फाइलमध्ये तो आहे का बघा.

आता खाज. तुमच्या यादीतली खरी कार्बिमॅझोलची तक्रार ही. शंभरातल्या पाचेक जणांना पहिल्या काही आठवड्यांत पुरळ, खाज किंवा पित्त उठण्याचा त्रास होतो. त्यातही थोडा वाटा आजाराचा असतो. थायरॉइड वाढलेला असताना कातडी गरम आणि घामट राहते आणि नुसतीच खाजते. गोळी न थांबवता रात्री ॲलर्जीची गोळी, सेटिरिझिन १० किंवा लेव्होसेटिरिझिन ५ मिलीग्रॅम, घेऊन बहुतेकांची खाज दोन-तीन आठवड्यांत बसते. गार पाण्यानं अंघोळ, सैल सुती कपडे, अंघोळीनंतर खोबरेल, एवढं पुरतं. पित्तावर आमसुलाचं पाणी लावत असाल तर खुशाल लावा, त्यानं अपाय नाही. एवढं करूनही पुरळ हटत नसेल तर मग गोळी बदलायची की उपचाराचा मार्गच बदलायचा, हे डॉक्टरांसोबत ठरवायचं.

खाजेचे तीन प्रकार मात्र थांबून राहण्यासारखे नाहीत. पित्त उठून ओठ-पापण्या सुजल्या, आवाज बसला किंवा श्वास लागला तर सरळ कॅज्युअल्टी. कातडीला फोड येऊन साल निघायला लागली तरी तेच. तिसरा प्रकार फसवा असतो: पुरळ काहीच दिसत नाही, पण अंग आतून खाजतं, लघवी गर्द पिवळी होते, शौचाचा रंग फिका पडतो, जेवण नको वाटतं. ही खाज लिव्हरची. कार्बिमॅझोलनं क्वचित पित्ताचा प्रवाह अडतो आणि कावीळ होते. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी बिलिरुबिन, एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज या लिव्हरच्या तपासण्या बघायच्या, आणि काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जायचं नाही. नुसतं अल्कलाइन फॉस्फटेज थोडं वाढलेलं असेल आणि बाकी ठीक असेल तर दचकू नका. थायरॉइड जास्त असताना हाडांची झीज वाढलेली असते, तिथूनही ते येतं, आणि थायरॉइड आटोक्यात आल्यावरही काही महिने वरच राहतं.

पुढच्या चार तक्रारी, म्हणजे वजन, वांब, केस आणि गळाठा, मी एकत्र घेतो, कारण चारही थायरॉइडच्या चढउताराशी जोडलेल्या आहेत.

ही गोळी काय करते ते आधी बघा. ग्रंथी म्हणजे कारखाना आणि गोदाम दोन्ही. गोळी कारखाना बंद करते, गोदामात पडून असलेल्या तयार मालाला हात लावत नाही. तो संपेपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात. म्हणून पहिले पंधरा दिवस लोक म्हणतात गोळी लागूच पडत नाही, त्या काळात प्रोप्रॅनोलॉल धडधड सांभाळतं. मग पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमाराला माल संपतो आणि पातळी भराभर उतरते. तुम्ही नेमक्या त्या वळणावर आहात.

उतरताना स्नायू कुरकुरतात. इतके दिवस जास्त हॉर्मोनची सवय झालेल्या स्नायूंना ते अचानक कमी पडतं आणि पोटऱ्यांत वांब येतात, मांड्या दुखतात. अजून रिपोर्टमध्ये थायरॉइड कमी झालेला नसतानाही हे होतं. डोस सावकाश उतरवला की जातं. तोवर झोपताना पोटऱ्या ताणून घ्या, पाणी पुरेसं प्या आणि एकदा कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पोटॅशियम तपासून घ्या. सांधे सुजून लाल होत असतील, सकाळी मूठ वळत नसेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. ती कार्बिमॅझोलची प्रतिक्रिया असू शकते आणि तिच्यासाठी गोळी थांबवावी लागते. तुमच्या वर्णनात फक्त स्नायू आहेत.

वजनाचं लोकांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं, पण माझ्या लेखी ही सुधारणा आहे. निदानाआधी तुमचं वजन किती उतरलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही; बहुतेक ते तीन किलो तुमचेच परत आलेत. खबरदारी एकच घ्या. आजारात शरीर अन्न जाळत सुटलेलं असतं म्हणून भूक दुप्पट होते. गोळीनं जाळणं थांबतं, पण भुकेची सवय महिना-दोन महिने तशीच राहते. चार पोळ्या खाणारी पुन्हा अडीचवर यायला वेळ लागतो. आत्ताच ताटाकडे लक्ष दिलंत तर पुढचे सात-आठ किलो वाचतील. वजन वाढतंय म्हणून स्वतःहून गोळी अर्धी करणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात, आणि त्यांचा आजार वर्षानुवर्षं धड बरा होत नाही.

केस. कार्बिमॅझोलनं केस गळतात असं पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. तरी तुमचे आत्ताचे केस बहुधा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या आजारामुळे गळतायत. शरीराला मोठा धक्का बसला की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि गळणं दिसायला एवढा वेळ लागतो. पातळी स्थिर झाल्यावर चार-सहा महिन्यांत नवे केस येतात. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. तुमच्या वयात लोह कमी असणं फार सर्रास आहे.

इथे एक जागा अशी आहे जिथे शिकलेली माणसंही फसतात. केस गळतात म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या जातात, त्यात ५ किंवा १० मिलीग्रॅम बायोटिन असतं. बऱ्याच लॅबची थायरॉइड तपासणी ज्या पद्धतीनं होते तिच्यात बायोटिन लुडबूड करतं आणि रिपोर्टमध्ये टी-थ्री, टी-फोर (थायरॉइडची दोन हॉर्मोन) खोटे जास्त, टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं, थायरॉइड वाढला की दबणारं मेंदूकडचं हॉर्मोन) खोटा कमी येतो. म्हणजे केसांच्या गोळीमुळे आजार वाढलेला दिसतो, मग डोस वाढवला जातो, मग खरोखर थायरॉइड कमी होतो आणि केस आणखी गळतात. घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

राहिला गळाठा. याला तीन दावेदार आहेत. अजून आजार शिल्लक असेल, किंवा गोळी जास्त होऊन थायरॉइड कमीकडे झुकला असेल, किंवा प्रोप्रॅनोलॉल. पहिल्या दोघांचा निवाडा फ्री टी-फोर आणि टी-थ्री करतात, आणि पाच आठवडे झालेत म्हणजे ती तपासणी आत्ताच व्हायला हवी. ३० मिलीग्रॅम हा सुरुवातीचा डोस आहे, कायमचा नव्हे. फ्री टी-फोर मर्यादेत आलं की तो टप्प्याटप्प्यानं २०, १५, १० असा उतरवतात आणि बरेच रुग्ण पुढे ५ ते १० मिलीग्रॅमवर सुखानं राहतात. गोळीचे बरेच दुष्परिणाम डोसागणिक कमी होतात. तुमच्या निम्म्या तक्रारींवरचा उपाय कदाचित वेळेवर डोस उतरवणं एवढाच आहे.

रिपोर्ट आला की टीएसएचकडे बघून घाबरू नका. महिनोन्‌महिने दबलेला टीएसएच टी-फोर नॉर्मल झाल्यावरही लगेच वर येत नाही, कधी दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त. रिपोर्टवर त्याच्यापुढे ठळक अक्षरात 'लो' छापलेलं असतं. नुसता टीएसएच बघून 'अजून थायरॉइड जास्तच आहे' असं ठरवून गोळी वाढवल्याचे किस्से मी नेहमी बघतो. मग महिनाभरानं तो रुग्ण सुजलेला चेहरा, बद्धकोष्ठ आणि वाढलेली गळ्याची गाठ घेऊन येतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत डोस टी-फोर आणि टी-थ्रीवर ठरतो. पैसे वाचवायला नुसता टीएसएच करू नका. डोळे चुरचुरणं, पुढे आल्यासारखे दिसणं असा त्रास असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण थायरॉइड फार खाली गेला तर ग्रेव्हजमधले डोळे बिघडू शकतात. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तीही डोळ्यांच्या मुळावर येते.

प्रोप्रॅनोलॉलचे दुष्परिणाम वेगळे ओळखता येतात: हातपाय गार पडणं, जिना चढताना पाय जड होणं, विचित्र स्पष्ट स्वप्नं, उठल्यावर चक्कर. सकाळी उठल्यावर शांत बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ६० च्या खाली असेल तर डोस कमी करायची वेळ झाली. स्वप्नांचा त्रास असेल तर ॲटेनोलॉलसारखी मेंदूत कमी जाणारी गोळी मिळते. टी-फोर आटोक्यात आलं की या गोळीचं काम संपतं, पण ती एका दिवसात तोडायची नसते, आठवड्या-दोन आठवड्यांत उतरवायची. दमा असेल आणि तरी ही गोळी चालू असेल तर आजच्या आज डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की शुगर उतरल्यावरची धडधड आणि थरथर ही गोळी लपवते. घाम तेवढा सुटतो.

मळमळ, पोटात आग, तोंडाची चव जाणं याबद्दल तुम्ही काही म्हटलेलं नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: गोळी जेवणावर घ्या, एकदम ३० सोसत नसेल तर सकाळ-संध्याकाळ विभागून घ्या. डोस उतरल्यावर चव बहुतेक परत येते. मात्र पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या होत असतील, तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. कार्बिमॅझोलनं स्वादुपिंडाला सूज आल्याच्या क्वचित नोंदी आहेत आणि २०१९ साली युरोपातल्या औषध नियामकांनी तशी सूचना काढली. असं झालं तर गोळी कायमची बंद.

आता मेडिकलवाल्याची 'दुसरी गोळी'. ती म्हणजे प्रोपिलथायोयुरॅसिल, डॉक्टर तिला पीटीयू म्हणतात. ती नवी किंवा सौम्य आहे असा समज असेल तर तो काढून टाका. १९४३ साली बोस्टनमध्ये एडविन ॲस्टवुड यांनी ज्या थायोयुरॅसिलनं वाढलेला थायरॉइड आटोक्यात आणून दाखवला त्याच घराण्यातली ती आहे, कार्बिमॅझोलहून जुनी. दिवसातून तीन वेळा घ्यावी लागते. आणि ती लिव्हरला जास्त जड आहे. लिव्हर पूर्ण निकामी होऊन प्रत्यारोपण करावं लागल्याच्या आणि मृत्यूच्या घटनांमुळे २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिच्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. दीर्घकाळ घेणाऱ्यांत रक्तवाहिन्यांना सूज येऊन पायांवर लाल-जांभळे ठिपके, लघवीतून रक्त असे प्रकारही तिच्यामुळे जास्त होतात. शिवाय कार्बिमॅझोलनं पुरळ आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पीटीयूनंही येतं. अंगावर उठलेल्या पित्ताच्या दोन-चार गांधींसाठी हा सौदा मी करणार नाही.

पीटीयूची खरी गरज एका जागी लागते, आणि तुमच्या वयात ती सांगायलाच हवी. गरोदरपणाच्या सहाव्या ते दहाव्या आठवड्यात कार्बिमॅझोल पोटात असेल तर बाळात व्यंग येऊ शकतं: टाळूवरची कातडी न बनणं, नाकाची मागची वाट बंद असणं, अन्ननलिकेचे किंवा हृदयाचे दोष. म्हणून पहिल्या तिमाहीत पीटीयू देतात, किंवा आजार शांत असेल तर काही जणींची गोळी थांबवूनही बघता येते. मूल हवं असेल तर आधी सांगा, नको असेल तर गर्भनिरोधक नीट वापरा. पाळी चुकली तर दोन-चार दिवसांतच घरी चाचणी करा आणि पॉझिटिव्ह आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा. आजार वाढलेला असताना पाळी अनियमित होते, त्यामुळे 'माझी तर नेहमीच चुकते' म्हणून हे हातून निसटतं. उलट बाळंतपणानंतर अंगावर पाजताना मध्यम डोसपर्यंत कार्बिमॅझोल चालतं. गोळीसाठी बाळाचं दूध तोडायची गरज नसते.

घरात आणखी कोणी हीच गोळी घेत असेल, विशेषतः वयस्कर आणि हृदयाचे ठोके अनियमित असलेलं, तर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनकडे बघा. थायरॉइड उतरत जातो तशी वॉरफरिनची गरज वाढत जाते. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) या काळात लवकर लवकर तपासावा लागतो. डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीचंही गणित बदलतं.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नका. घरातलं आयोडीनचं मीठ चालतं. कोबी-फ्लॉवर चालतो, सोयाबीन चालतं, उपासाला साबुदाणा चालतो. चहा-कॉफी मात्र धडधड असेपर्यंत कमी करा. समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणि 'थायरॉइड सपोर्ट' म्हणून विकलं जाणारं काहीही घेऊ नका, त्यात आयोडीन भरपूर असू शकतं किंवा चक्क थायरॉइड हॉर्मोनही. सीटी स्कॅनला रंगाचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी आजार सांगा, त्यातही आयोडीन असतं. दुसऱ्या पॅथीचं औषध सोबत घ्यायचं असेल तर मी भांडत नाही, पण कार्बिमॅझोल सोडून नाही, आणि त्या औषधानं लिव्हरवर काय होतं ते तपासायची तयारी ठेवून.

गोळी खरोखरच सोसली नाही तर? मग आयुष्य अडत नाही. किरणोत्सारी आयोडीनचा एक डोस पाण्यासारखा पितात किंवा कॅप्सूल गिळतात, तो ग्रंथीतच जमतो आणि काही महिन्यांत तिचं काम थांबवतो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आता राज्यातल्या इतर मोठ्या शहरांतही ही सोय झाली आहे. त्यानंतर बहुतेकांना थायरॉक्सिन आयुष्यभर घ्यावं लागतं, पण ती गोळी सांभाळायला सोपी. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हा उपचार करत नाहीत, आणि डोळे जास्त बिघडलेले असतील तर टाळतात. गाठ मोठी असेल किंवा लवकर मूल हवं असेल तर अनुभवी सर्जनकडून ग्रंथी काढून टाकणं हाही चांगला मार्ग आहे. लोक या दोन्हींना शेवटचा उपाय समजून उगाच घाबरतात.

एक शंका फेडून घ्या. तुम्हाला ग्रेव्हजच आहे हे कशावरून ठरलं, टीआरएबी नावाची अँटिबॉडी तपासली होती का, की स्कॅन झाला? हे विचारतो कारण व्हायरल आजारानंतर किंवा बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हॉर्मोन नुसतं गळतं, तेव्हाही रिपोर्ट असाच दिसतो. तो आजार काही आठवड्यांत आपोआप उतरतो, त्यात कार्बिमॅझोलचा काहीच उपयोग नसतो आणि दुष्परिणाम मात्र सगळे होतात. डोळ्यांची लक्षणं स्पष्ट असतील तर प्रश्न मिटला, नसतील तर टीआरएबी करून घ्या. पुढे गोळी थांबवायच्या वेळीही तो आकडा लागतोच.

तर या आठवड्यात एकाच सुईत सीबीसी विथ डिफरन्शियल, लिव्हरच्या तपासण्या, फ्री टी-फोर, टी-थ्री आणि टीआरएबी द्या, रात्री लेव्होसेटिरिझिन सुरू करा, आणि रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: कार्बिमॅझोल किती उतरवायचं आणि प्रोप्रॅनोलॉल कधी. साधारणपणे कार्बिमॅझोल बारा ते अठरा महिने घेऊन थांबवतात, आणि थांबवल्यावर निम्म्याच्या आसपास लोकांत आजार कधी ना कधी परत येतो, बहुतेकदा पहिल्या वर्षात. तसं झालं तर कपाटातल्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. मध्ये खंड पडून गोळी परत सुरू झाली की तापाचे ते पहिले तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे असतात, मागच्या खेपेला काहीही झालं नसलं तरी.